विद्युतचुंबकीय स्पंद आणि रुग्णांची उपकरणे

इ.स. १९६२ च्या जुलै महिन्यात अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटाच्या वर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अण्वस्त्राची चाचणी केली. तेथून सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या होनोलुलू शहराला ना हादरा बसला, ना झळ लागली. तरी तेथील रस्त्यांवरील दिव्यांच्या काही ओळी एकाएकी विझल्या. स्फोटातील गॅमा किरणांनी हवेतील अणूंमधून मुक्त केलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळले व त्यातून विद्युतचुंबकीय स्पंद निर्माण झाला. वीज कडाडताच रेडिओत खरखर होते, ती अशाच स्पंदाची सौम्य खूण होय.

हा स्पंद तारांमध्ये विद्युतदाब निर्माण करतो. तार जितकी लांब, तितका धोका साधारणतः अधिक. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीस साहजिकच प्रथम भीती वाटते. परंतु ते यंत्र टायटॅनियमच्या बंद डबीत असते, त्याची तार आखूड असते व बाहेरील वीजपुरवठ्याशी त्याचा संबंध नसतो. त्यास मुळीच धोका नाही असे म्हणता येणार नाही; तथापि खरा घोर वेगळाच आहे. कृत्रिम श्वसनयंत्र, डायलिसिसचे यंत्र, हवेतून प्राणवायू वेगळा करणारे यंत्र ही सारी मैलोगणती पसरलेल्या तारांच्या टोकाशी जोडलेली असतात.

सूर्यावरील वादळांचा परिणामही अशाच लांब तारांवर होतो. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही झाली होती. दिनांक १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजवाहिनी सुमारे ९० सेकंदांत कोसळली व सुमारे ६० लाख लोक नऊ तास विजेवाचून राहिले. अशा वादळाने हातातील लहान उपकरण बिघडत नाही. त्यास लागणारी वीजच नाहीशी होते.

म्हणून पूर्वतयारी ही मुख्यतः विजेवाचून काही काळ निभावण्याची तयारी होय. घरी प्राणवायूचे यंत्र वापरणाऱ्या रुग्णाजवळ भरलेले सिलिंडर असावे व त्याची चावी फिरविणे घरातील दोघांना तरी येत असावे. जादा उपकरण असल्यास ते वीजजोडणीपासून अलग ठेवावे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा लागतो. गडगडाटी पावसातही हीच सवय उपयोगी पडते. इन्शुलिनची बाटली पिशवीत बंद करून ओल्या वाळूतील मातीच्या मडक्यात, वाऱ्याच्या जागी ठेवता येते. मात्र किनारपट्टीच्या दमट पावसाळ्यात मडके फारसे थंड होत नाही, हे विसरू नये.

आरोग्य केंद्रात हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, स्टेथोस्कोपसह हातपंपाचे रक्तदाबमापक आणि कागदावरील रुग्णनोंदी तयार असाव्यात. जनित्र केवळ सुरू होते की नाही हे पाहून भागत नाही. यंत्रे जोडून ते चालवून पाहावे. गावात कोणाचा श्वास, कोणाचे औषध विजेवर अवलंबून आहे याची यादी वहीत लिहून ठेवावी. संगणकातील यादी त्या दिवशी उघडणार नाही.