शिमगा ते आगोट : कोकणातल्या घराची डागडुजी



कोकणातल्या कौलारू घराचे नुकसान आषाढात दिसते, पण ते टाळण्याचे दिवस फाल्गुन ते वैशाख हेच असतात. रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एकदा झड लागली की छपरावर चढता येत नाही, भिंत वाळत नाही, गडीही मिळत नाहीत. शिमग्याला चाकरमानी गावी येतात, तेव्हा घर पुरते कोरडे झालेले असते. पाहणीला याहून चांगला मुहूर्त नाही. कामे मात्र वरून खाली या क्रमानेच घ्यावीत : आधी छप्पर, मग लाकूड, मग भिंती, शेवटी जोते आणि अंगण. वरचे गळणे न थांबवता खाली रंग काढला तर तो खर्च पहिल्याच नक्षत्रात वाहून जातो.

छपराची पाहणी बाहेरून नव्हे, माळ्यावरून सुरू करावी. भर दुपारी दारे-खिडक्या लावून माळ्यावर बसले की जिथे जिथे कौल सरकले किंवा फुटले आहे तिथून उजेडाची तिरीप आत येते. त्या जागी खडूने वाशावर खूण करून ठेवावी. वाशावर आणि रिपांवर पाण्याचे काळे ओघळ असतील तर त्यांचा माग वरपर्यंत काढावा. पाणी रिपेवरून वाशावर आणि वाशावरून उतारानेच सरकत येते. थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरते ती जागा यांत दोन-तीन हातांचे अंतर सहज असते. ज्या कौलाखाली थेंब पडतो तेच बदलून लोक मोकळे होतात आणि गळती तशीच राहते, त्याचे कारण हेच.

मंगलोरी कौल हे बासेल मिशनने मंगळुरास 1865 मध्ये कारखाना काढल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर रुजले. त्याची सारी मदार कडेच्या खाचांवर आहे. एका कौलाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यात बसते आणि पाणी त्या पन्हळीतून खाली जाते. त्या खाचांत वर्षभराचा पालापाचोळा, माती आणि वाळलेले शेवाळ साठले की पाणी तुंबून मागे फिरते आणि धडधाकट कौलसुद्धा गळते. म्हणून शाकारणी म्हणजे केवळ फुटकी कौले बदलणे नव्हे. कौले ओळीने उतरवावीत, खाचा सुकलेल्या काथ्याने किंवा ब्रशने घासाव्यात, प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. साबूत कौल खणखणते. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. असे कौल डोळ्याला चांगले दिसले तरी परत चढवू नये. छपरावर वावरताना पाय कौलाच्या मधोमध न ठेवता रिपेच्या वर ठेवावा, त्याहून बरे म्हणजे फळी टाकून तिच्यावरून चालावे. शाकारणीत जेवढी कौले फुटतात त्यातली पुष्कळशी पायाखालीच फुटतात. वानरांचा उपद्रव असलेल्या गावात चार-दोन डझन कौले पडवीत राखून ठेवणे शहाणपणाचे, कारण नव्या साच्याचे कौल जुन्यात नीट बसत नाही.

आढ्यावरच्या कोन्यांकडे वेगळे लक्ष हवे. कोने चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवलेले असतात आणि उन्हाळ्यात तापून-निवून तो गिलावा सुटतो. तिथे नुसते सिमेंट-वाळूचे मिश्रण भरू नये. ते कडक होते आणि पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी तडकते. सिमेंटला चुन्याची जोड दिलेला गिलावा थोडा लवचीक राहतो. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे आणि आठवडाभर ओली पोती टाकून ठेवावीत. चैत्राच्या उन्हात न भिजवलेला गिलावा भुगा होतो.

वळचणीकडची शेवटची ओळ तारेने रिपेला बांधून घ्यावी. वारा छपराला वरून दाबत नाही, कडेखालून शिरून उचलतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली भागात छपरेच्या छपरे उडाली. पुढच्याच वर्षी तौक्ते चक्रीवादळ मे महिन्याच्या मध्याला किनाऱ्याजवळून गेले. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, कामे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळत ठेवण्याची जुनी सवय त्यामुळे आता परवडण्यासारखी नाही. 10 मेच्या आत छप्पर बांधून झालेले असावे. घरावर ओणवलेल्या आंबा-फणसाच्या फांद्या आणि माडाच्या सुकलेल्या झावळ्या त्याच सुमारास उतरवाव्यात. छपरावरचा पाचोळा तर त्याहीआधी झाडावा, कारण भातशेतीच्या भाजावळीचे दिवस हेच आणि उडालेली एक ठिणगी पुरते.

लाकडाचा शत्रू वाळवी. ती ओल सोडून राहत नाही. जमिनीतून भिंतीच्या कडेने मातीची बारीक नळी बांधत वाशापर्यंत चढते. अशी नळी दिसली की लगेच झाडून टाकू नये. मधला बोटभर भाग मोडावा आणि तीन-चार दिवसांनी पाहावे. नळी पुन्हा जोडलेली असेल तर वाळवी जिवंत आहे. मग नुसते लाकडावर औषध मारून भागत नाही. जोत्याच्या कडेने भोके पाडून जमिनीतच औषध सोडावे लागते. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे आणि विहीर जवळ असेल तर त्याला आधी सांगावे. भाल आणि वाशांची भिंतीत गेलेली टोके टोच्याने टोचून पाहावीत. टोच्या सहज आत गेला तर ते टोक पोकळ झाले आहे. काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे, पण ते तेल कातडी भाजते. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. सरपणाची रास भिंतीला टेकवून रचणे म्हणजे वाळवीला आणि विंचवाला वाट करून देणे आहे. रास भिंतीपासून हातभर दूर आणि दगडांवर असावी.

जांभ्याची भिंत पाणी पिते आणि वाऱ्यावर सोडून देते. तिला बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा चढवला की आत गेलेले पाणी आतच कोंडते आणि पोपडे घरात सुटतात. चिऱ्यांच्या सांध्यांत चुना भरून वर चुन्याची सफेदी काढणे हे स्वस्त आणि खरे औषध आहे. सांध्यात उगवलेले पिंपळाचे किंवा वडाचे रोप वितभर असतानाच मुळासकट काढावे. वरून छाटले तर ते फुटव्यांनी आणखी जोर धरते आणि मूळ चिरा सरकवते. मूळ आत खोल गेले असेल तर एक चिरा काढून ते खणून घ्यावे आणि चिरा पुन्हा बसवावा.

स्लॅबच्या भागात पन्हळी आणि पाइपांची तोंडे मोकळी करावीत. गच्चीवर बांध घालून दोन दिवस पाणी साठवले की गळती उन्हाळ्यातच कळते. पाणी साठवण्याआधी स्लॅब तेवढा भार पेलेल इतका धड आहे ना, हे गवंड्याकडून पाहून घ्यावे.

विजेचे काम वायरमनकडे द्यावे. माळ्यावरच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का आणि ओल धरणाऱ्या भिंतीत बटणे आहेत का, एवढे त्याच्याकडून तपासून घ्यावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, त्यात अधूनमधून पाणी घालावे. वळिवाच्या विजा मे महिन्यातच सुरू होतात.

शेवटी अंगण. पागोळ्या पडतात त्या रेषेत चर खणून पाणी घरापासून दूर काढावे आणि भिंतीला लागून चढलेली माती जोत्याच्या खाली येईपर्यंत उपसावी. पहिल्या वळिवाला कोणीतरी घरी असावे. तो पाऊस थोडाच वेळ टिकतो, पण खडूच्या खुणांजवळ ओल आली का ते सांगून जातो, आणि राहिलेले कौल बदलायला पुढचे आठ-दहा दिवस बहुधा कोरडे मिळतात.