डॉक्टरांचे मोल कोणी ठरवायचे?

दबावगट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो, घोषणा येतात, रस्त्यात अडकलेल्या एस. टी. गाड्या येतात. कोट-टाय घातलेले डॉक्टर त्या चित्रात कोठेच बसत नाहीत. परंतु हॅरी एक्स्टाइन या अभ्यासकाने १९६० साली दबावगटांच्या राजकारणावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने उदाहरण म्हणून निवडली ती ब्रिटिश मेडिकल असोसिएशन. राज्यशास्त्राच्या तासाला हे ऐकल्यापासून मला कुतूहल वाटू लागले. डॉक्टर सरकारशी भांडतात तरी कशासाठी? केवळ जास्त पैशासाठी? थोडे वाचल्यावर माझे मत असे झाले की, 'किती' या प्रश्नापेक्षा 'कशावर मोजून' आणि 'कोणी ठरवून' या दोन प्रश्नांवरच तेथे अधिक रणे माजली.

रोगी आपल्या खिशातून फी देतो तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. परंतु सर्वांच्या वतीने सरकारच पैसे देऊ लागले की बाजारात गिऱ्हाईक एकच उरते. अशा वेळी विकणाऱ्यांनाही एक होऊन बोलावे लागते. मौज अशी की दोघांचेही एकमेकांवाचून चालत नाही. सरकारला डॉक्टरांशिवाय दवाखाने चालवता येत नाहीत आणि डॉक्टरांना त्या देशात तेवढे मोठे दुसरे गिऱ्हाईक मिळत नाही.

ब्रिटनमध्ये याची सुरुवात १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने झाली. लॉईड जॉर्ज यांनी कामगारांसाठी विमा आणला. कामगाराने यादीतील एका डॉक्टरकडे नाव नोंदवायचे आणि त्या डॉक्टरला वर्षाला दरडोई ठराविक रक्कम मिळायची, अशी ही पद्धत. ऊसतोडीचा दर जसा टनावर ठरतो तसा हा दर माणशी ठरला. आजार किती हा हिशेब त्यात नाही. असोसिएशनने बहिष्कार पुकारला, सरकारने दर वाढवून दिला, तरी बहिष्कार उठला नाही. परंतु जानेवारी १९१३ मध्ये उपचार प्रत्यक्ष सुरू होण्याची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी भराभर सह्या केल्या. कामगारवस्तीत पेनी-पेनीने फी गोळा करणाऱ्या आणि पुष्कळदा बुडीत खाती सोसणाऱ्या डॉक्टरला ही खात्रीची रक्कम म्हणजे पगारवाढच होती. लंडनच्या बड्या डॉक्टरांचा स्वाभिमान त्याला परवडणारा नव्हता.

पुढचा प्रसंग १९४८ चा, आणि तो अधिक नाट्यमय आहे. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचे पुत्र. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते स्वतः खाणीत उतरले. त्यांच्या गावात कामगार पगारातून वर्गणी काढून डॉक्टर नेमत असत. बेव्हन यांना ही व्यवस्था आदर्श वाटे. उलट बऱ्याच डॉक्टरांना तिची धास्ती होती, कारण तेथे डॉक्टर हा कामगारांच्या समितीचा नोकर ठरे. राष्ट्रीय आरोग्य सेवेत आपण सगळेच पगारी नोकर होणार, या भयाने असोसिएशन पेटून उठली. फेब्रुवारी १९४८ मध्ये घेतलेल्या सभासदांच्या मतदानात ४०,८१४ मते कायद्याच्या विरुद्ध आणि ४,७३५ बाजूने पडली. सेवा तर ५ जुलैला सुरू व्हायची होती!

बेव्हन यांनी हा पेच कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. ते सगळ्यांशी एकाच भाषेत बोलले नाहीत. इस्पितळातील तज्ज्ञांना त्यांनी अर्धवेळ सरकारी पगार, सोबत खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा, सरकारी इस्पितळातच पैसे देणाऱ्या रुग्णांसाठी खाटा आणि गुणवत्तेनुसार खास वेतनवाढी देऊ केल्या. या कामी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष लॉर्ड मोरान यांची मदत झाली. तज्ज्ञांची तोंडे आपण सोन्याने भरली, असे बेव्हन पुढे म्हणाल्याचे सांगतात आणि प्रत्येक लेखक ते वाक्य उद्धृत करतो. मला मात्र ते वाक्य थोडे फसवे वाटते. कारण संख्येने जास्त असलेल्या फॅमिली डॉक्टरांना पटवले ते सोन्याने नव्हे, शब्दाने. पूर्ण पगारी पद्धत तुमच्यावर लादणार नाही, असे कायद्यातच दुरुस्ती करून लिहून देऊ, असे आश्वासन बेव्हन यांनी एप्रिलमध्ये दिले. दवाखाना गिऱ्हाइकांसकट विकण्याची जुनी चाल बंद झाली, तिच्या भरपाईसाठी ६ कोटी ६० लाख पौंड ठेवले. दुसऱ्या मतदानातही विरोधकच अधिक निघाले, परंतु त्यांची संख्या २६ हजारांच्या आसपास उतरली होती. असोसिएशनने माघार घेतली. फॅमिली डॉक्टर नोकर झाला नाही, कंत्राटदार राहिला.

आता हिशेबाची गोष्ट. ती रुक्ष वाटेल, पण खरी मेख तेथेच आहे. डॉक्टरांना किती मिळावे हे स्पेन्स समितीने १९४६ साली सांगितले होते, परंतु १९३९ च्या किमतींत. महायुद्धाने पैशाचे मोल घसरले, ते किती धरायचे यावर वाद पेटला आणि प्रकरण लवादाकडे गेले. न्यायमूर्ती डँकवर्ट्स यांनी १९५२ साली शंभर टक्के वाढ धरून डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. रक्कम वाढली, पण वाटण्याची रीत तीच राहिली. सर्व डॉक्टरांचे अपेक्षित उत्पन्न आणि सर्वांचा मिळून होणारा खर्च यांचा एक सामाईक निधी करायचा आणि तो मुख्यतः रुग्णसंख्येवर वाटायचा. समजा, एका डॉक्टरने परिचारिका नेमली, रुग्णांना बसायला चांगली खोली बांधली. दुसऱ्याने ओसरीतच बाके टाकली. दोघांचे रुग्ण सारखे, म्हणून खर्चापोटी मिळणारी रक्कमही सारखीच! म्हणजे चांगला दवाखाना चालवणाऱ्याला दंड आणि चिकटपणाला बक्षीस. कोणी दुष्टपणाने हे केले नव्हते, सोयीचा हिशेब म्हणून केले होते. भोगत होते ते मात्र बाकांवरचे रुग्ण.

१९५६ साली असोसिएशनने २४ टक्के वाढ मागितली. सरकारने नकार दिला आणि पिल्किंग्टन आयोग नेमला. आयोगाने १९६० साली सुचवले की, दरवेळी घासाघीस नको, एक स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळ असावे. त्याने दोन्ही बाजू ऐकून शिफारस करावी. मंडळ झाले, पण निधीचा दोष तसाच राहिला. १९६५ साली मंडळाने मागणीच्या मानाने फारच थोडी वाढ सुचवली, तेव्हा सुमारे २२ हजार फॅमिली डॉक्टरांपैकी जवळजवळ १८ हजारांनी तारीख न घातलेले राजीनामे संघटनेकडे सोपवले. संप नाही, दवाखाना बंद नाही. फक्त कागदांचा गठ्ठा. एवढ्यावर न थांबता असोसिएशनने फॅमिली डॉक्टरांची सनद पुढे ठेवली. तीत केवळ पैसा नव्हता. दवाखान्याची जागा, मदतनीस, कामाचे तास यांचाही विचार होता. आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन हे स्वतः डॉक्टरचे चिरंजीव. त्यांनी वाटाघाटी केल्या आणि १९६६ पासून सामाईक निधी गेला. प्रत्येक डॉक्टरला मूळ भत्ता, मदतनिसांच्या पगाराचा ७० टक्के भाग, जागेचे भाडे आणि दवाखाना बांधण्यास कर्ज, अशी नवी रचना आली. या साऱ्या इतिहासात मला ही वाटाघाट सर्वांत चांगली वाटते, कारण डॉक्टरांच्या मागणीतच रुग्णाचे हित गुंफले गेले. आपल्याकडून गेलेले अनेक डॉक्टर तेव्हा तेथील औद्योगिक गावांत सेवेत होते. भारतीय वैद्यकीय पदव्यांची तेथील मान्यता १९७५ साली काढून घेण्यात आली, ती कथा वेगळी.

मंडळ स्वतंत्र म्हणायचे, परंतु त्याला नेमणारे सरकार आणि शिफारस मानायची की नाही हे ठरवणारेही सरकारच. १९७० साली मंडळाने ३० टक्के वाढ सुचवली, सरकारने ती पुरी दिली नाही. अध्यक्ष लॉर्ड किंडर्सली यांनी राजीनामा दिला. मार्च २०२३ पासून इंग्लंडच्या ज्युनियर डॉक्टरांनी संप केले, त्यांची मागणी ३५ टक्क्यांची होती. तेथेही जुनेच भांडण नव्या रूपात दिसते. २००८ पासून पगाराचे मोल किती घटले हे असोसिएशन किरकोळ किमतींच्या निर्देशांकाने मोजते. सरकारला ग्राहक किमतींचा निर्देशांक योग्य वाटतो, आणि त्याने मोजले की घट कमी दिसते. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांची मिळून सरासरी २२.३ टक्के वाढ ६६ टक्के मतांनी स्वीकारली गेली.

त्याच महिन्यात या डॉक्टरांचे 'ज्युनियर' हे बिरूदही गेले आणि 'रेसिडेंट' हा शब्द आला. आपल्याकडे 'मार्ड' ही निवासी डॉक्टरांची संघटना ज्या रकमेसाठी वेळोवेळी संप करते, तिला वेतन न म्हणता विद्यावेतन म्हणतात. रात्रपाळीत संपूर्ण वॉर्ड सांभाळणारा माणूस विद्यार्थी की कामगार, हे त्या शब्दात आधीच ठरवून टाकलेले असते. इंग्लंडमधील रेसिडेंट डॉक्टर नवे नाव घेऊन जुलै २०२५ मध्ये पुन्हा पाच दिवस संपावर गेले. त्या वर्षी त्यांना सरासरी ५.४ टक्के वाढ मिळाली होती, आणि मोजपट्टी कोणती यावर एकमत तेव्हाही झालेले नव्हते.