जुन्या गाड्यांचं गॅरेज: आधी मेंटेनन्स, मग मॉडिफिकेशन, आणि दोन्हीचा हिशोब

या आठवड्याच्या व्हिडिओसोबतचा हा लेखी धडा आहे. विषय आहे १२-१५ वर्षांपेक्षा जुन्या कारवर काम करणारं छोटं गॅरेज. व्हिडिओ बघताना आकडे लिहून घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून सगळं इथे सविस्तर देतोय. ज्यांना मेकॅनिकचं काम येतं पण धंदा उभा करायचाय, आणि ज्यांच्याकडे थोडं भांडवल आहे पण हातात पाना धरलेला नाही, अशा दोघांसाठी हे आहे.

या धंद्यात मागणी कुठून येते?

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली ही गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सेवेतून गेली. कंपनीचं उत्पादन बंद झाल्यानंतरही या गाड्या इतकी वर्षं रोज रस्त्यावर होत्या, त्या गल्लीतल्या मेकॅनिकच्या जिवावर.

आज तीच जागा मारुती ८००, झेन, जुनी वॅगन आर, सँट्रो, इंडिका यांनी घेतलीय. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. वॉरंटी कधीच संपलेली असल्याने या गाड्यांचे बरेचसे मालक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी ओळखीच्या गॅरेजला येतात.

एक गैरसमज आधी काढून टाका. दिल्लीत १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीचा जो नियम बातम्यांत असतो, तो दिल्ली-एनसीआरपुरता आहे. आपल्याकडे खाजगी कारची आरसी १५ वर्षं चालते. मग फिटनेस तपासणी करून, पर्यावरण कर भरून पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येतं. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० केली गेली. म्हणजे गाडी ठेवणं महाग होत चाललंय. जो मालक एवढे पैसे भरून गाडी ठेवतो, त्याला ती नीट चालायला हवी असते. तोच तुमचा ग्राहक.

पायरी १: आधी तपासणी, मग एस्टिमेट

जुनी गाडी आली की लगेच बोनेट उघडून काम सुरू करू नका. आधी पाऊण तास तपासणीला द्या आणि त्याचे पैसे घ्या. काम आपल्याकडे केलं तर ती रक्कम बिलातून वजा करा. फुकट तपासणी केली की गिऱ्हाईक तुमची यादी घेऊन तीन ठिकाणी भाव विचारत फिरतो.

जॉब कार्डवर पाच गोष्टी हव्यातच: गाडी नंबर आणि चेसिस नंबर, किलोमीटर, आरसी-पीयूसी-इन्शुरन्सच्या तारखा, गाडीत असलेल्या वस्तू, आणि ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत. "पुढून आवाज" असं मोघम लिहू नका. "स्पीड ब्रेकरवर डाव्या बाजूने खट्ट आवाज" असं लिहा. गाडीचे चारही बाजूंनी आणि जॅकवर चढवून खालून फोटो काढा. नंतर "हा स्क्रॅच तुमच्याकडे पडला" हा वाद फोटोवर मिटतो.

पायरी २: कामाचा क्रम

जुन्या गाडीत दुखणी दहा असतात आणि मालकाचं बजेट तीन कामांचं. कोणती तीन, हे ठरवायला मी प्रशिक्षणात एक क्रम देतो: थांबणं, वळणं, थंड राहणं, चालणं, आणि शेवटी दिसणं.

*थांबणं.* ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ ऑइल नवं असताना साधारण २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर १४० च्या आसपास. घोडबंदर घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना ते उकळलं तर पेडल सरळ खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला. मागचे व्हील सिलिंडर गळतायत का, रबरी ब्रेक होजला भेगा आहेत का, हँडब्रेक चढावर धरतो का, हे ड्रम उघडून आणि गाडी चालवूनच कळतं.

*वळणं.* बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश आणि टायर. टायरवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीत नक्षी भरपूर दिसते पण रबर कडक होऊन बाजूला भेगा पडलेल्या असतात. असा टायर "अजून चालेल" म्हणून सोडू नका.

*थंड राहणं.* गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. असं केल्यावर इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो. इंजेक्शनवाल्या गाडीत ईसीयूला इंजिन थंडच वाटतं, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं आणि इंजिनची झीज वाढते. मूळ कारण शोधा: चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला फॅन, गेलेला वॉटर पंप किंवा झाकणाची सैल स्प्रिंग. आणि बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीच नको. त्यातले क्षार आत थर धरतात. कुलंटच हवं.

*चालणं.* टायमिंग बेल्ट किलोमीटरइतकाच वयानेही संपतो. काही इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च कितीतरी पट होतो. मालकाकडे बेल्ट बदलल्याची नोंद नसेल तर बदललेला नाही असंच धरा. दुसरी गोष्ट इंधनाची. २०२५ पर्यंत पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. इथेनॉल ओल धरतं, जुन्या होजला कडक करतं. फ्यूएल होज, ओ-रिंग, फिल्टर तपासा आणि इंजिनजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सोडूच नका. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या प्लेटवरची तारीख वाचा. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट बंधनकारक आहे.

*दिसणं.* पॉलिश, सीट कव्हर, पेंट सगळ्यात शेवटी. मालकाला हेच आधी हवं असतं. त्याला हा क्रम कागदावर दाखवा, बहुतेक जण ऐकतात.

आपल्या भागातला खास खर्च: गंज

मुर्धा, राई, मोर्वा, उत्तन हा सगळा पट्टा खाडी आणि समुद्राच्या मध्ये. भाईंदरची मिठागरं शेजारी. हवेत मीठ आणि ओल बारा महिने. त्यात भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर सखल भागात पाणी तुंबतं. पुण्याहून आणलेली १५ वर्षांची गाडी आणि इथेच वाढलेली १५ वर्षांची गाडी खालून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

गंज कुठे शोधायचा? दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती मातीने बुजली की दार आतून सडतं. मग चाकाच्या कमानी, मॅटखालचा पत्रा, बॅटरीचा ट्रे, शॉकॲब्सॉर्बर जिथे बॉडीला बसतो ती जागा, आणि ब्रेक-पेट्रोलचे लोखंडी पाइप. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगला पत्रा टणक वाजतो, सडका दबतो.

सडलेल्या पत्र्यावर नुसती लांबी भरून रंग मारणं ही फसवणूक आहे. सडका भाग कापून, नवा पत्रा वेल्ड करून, प्रायमर मारून मगच अंडरबॉडी कोटिंग. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर कोटिंग केलं तर गंज आत झाकून वाढतो. यातून तुम्हाला एक पॅकेजही मिळतं: पावसाळ्याआधी भोकं साफ करणं आणि कोटिंग, पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने खालून धुणं आणि तपासणी. दोन ठरलेल्या भेटी, वर्षानुवर्षं.

मॉडिफिकेशन: काय करायचं, कशाला नाही म्हणायचं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सुरक्षेशी संबंधित ठरवलेला सुटा भाग निकषात न बसणारा विकला, तर विकणाऱ्यावरही कारवाई आहे, आणि ती जास्त कडक आहे. म्हणजे हा विषय तुमच्या दुकानाचा पण आहे.

तीन रकाने करून भिंतीवर लावा.

पहिला रकाना, सरळ करता येणारी कामं: मूळ दर्जाचे नवे शॉकॲब्सॉर्बर, म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, सीटचं काम, पार्किंग सेन्सर.

दुसरा रकाना, आरटीओच्या नोंदीसह: रंग बदलणं, मान्यताप्राप्त सीएनजी किट, इंजिन बदलणं. आरसीवर नोंद आणि इन्शुरन्स कंपनीला कळवणं, दोन्ही झाल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका.

तिसरा रकाना, सरळ नाही: काळी फिल्म (सर्वोच्च न्यायालय, एप्रिल २०१२), पुढचा लोखंडी गार्ड (केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईला सांगितलं), मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, छत कापणं.

आता तांत्रिक बाजू, कारण ग्राहक "साहेब, नियम राहू दे, करून द्या" म्हणतो. हेडलाइटचं उदाहरण घ्या. मूळ ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर करंट घेतात. १०० वॅटचे दोन लावले की जवळपास १७ अँपिअर. जुनी वायर आणि स्विच यासाठी बनलेले नाहीत. वायर गरम होते, होल्डर वितळतो, पुढे आग. आणि बहुतेक जुन्या गाड्यांत उजेड कमी पडतो तो पिवळ्या पडलेल्या काचेमुळे आणि गंजलेल्या अर्थिंगमुळे. काच पॉलिश करा, अर्थिंग साफ करा, रिले घालून मूळ वॅटचाच चांगला बल्ब लावा. ग्राहक खूश, वायरिंग सुरक्षित.

टायरचंही तसंच. ८०० चा १४५/७० आर १२ टायर साधारण ५०८ मिलिमीटर उंच असतो. कोणी १५५/६५ आर १३ मागितला तर तो ५३२ होतो, म्हणजे पावणेपाच टक्के मोठा. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास ६३ ला असेल, आणि वळताना टायर कमानीला घासू शकतो. उंचीतला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवा. हा हिशोब ग्राहकासमोर कॅलक्युलेटरवर करून दाखवा. "मेकॅनिकला कळतं" ही खात्री तिथेच बसते.

पैशाचा हिशोब

जुन्या गाड्यांच्या गॅरेजला मारतो तो अडकलेला बे. उदाहरणापुरते आकडे घेऊ. भाडं २४,००० रुपये, दोन मुलांचे पगार ३०,०००, वीज आणि इतर ६,०००. महिन्याला ६०,०००. दोन बे आणि २५ दिवस म्हणजे ५० बे-दिवस. एका बेचा एका दिवसाचा खर्च १,२०० रुपये. आता एखादी गाडी पार्ट मिळत नाही म्हणून १० दिवस उघडून पडली, तर १२,००० गेले. लेबर बिल ८,००० असेल तर तुम्ही ४,००० पदरचे घालून काम केलं.

म्हणून चार नियम:

१. पार्ट हातात आल्याशिवाय गाडी उघडायची नाही. तपासणी, एस्टिमेट, पार्टसाठी ॲडव्हान्स, मग तारीख.

२. मोठं काम टप्प्यांत. प्रत्येक टप्प्याचं वेगळं एस्टिमेट, मालकाची व्हॉट्सॲपवर लेखी मंजुरी, टप्पा संपला की पैसे.

३. उघडल्यावर नवं काही सापडलं तर फोटो पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नका. न विचारता वाढलेलं बिल ग्राहक देतो एकदाच, परत येत नाही.

४. काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवून परत द्या. नवा पार्ट बसवल्याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

जळकं ऑइल गटारात सोडू नका. आपलं गटार खाडीला जातं, आणि वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्या.

"ही गाडी आता सोडा" हे कधी सांगायचं?

चेसिसचा पत्रा किंवा सस्पेन्शनची जागा सडली असेल, आणि आवश्यक दुरुस्ती गाडीच्या बाजारभावाच्या पुढे जात असेल, तर सरळ सांगा. अधिकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नवी गाडी घेताना करात सवलत मिळू शकते. काम हातचं जाईल, पण त्याच माणसाची पुढची गाडी तुमच्याकडे येईल. उलट ब्रेक सोडून फक्त रंग मारून दिलेली गाडी उद्या कुणाच्या अंगावर गेली, तर बिलावर नाव तुमचंच असणार आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातली किंवा शेजाऱ्यांची एक १० वर्षांहून जुनी गाडी घ्या. वरच्या क्रमाने तपासा, जॉब कार्ड भरा, तीन टप्प्यांचं एस्टिमेट लिहा. नंतर तुमच्या भागातल्या भाड्याने आणि पगाराने एका बेचा दिवसाचा खर्च काढा. तो आकडा हातात आल्याशिवाय गाळा बघायला जाऊ नका. पुढच्या धड्यात या आकड्यावरून लेबर रेट कसा ठरवायचा ते बघू.