दिल्लीची थंडी आणि चेन्नईचा हिवाळा

दिल्लीत जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे १४ अंश सेल्सिअस, तर जूनचे ३३ अंशांच्या आसपास असते. चेन्नईत हा फरक जेमतेम सात-आठ अंशांचा भरतो. हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून दूर जाते, हा समज शाळांतूनही आढळतो. वस्तुतः जानेवारीच्या आरंभीच ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते! खरे कारण तिच्या कललेल्या अक्षात आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य चेन्नईत क्षितिजापासून सुमारे ५३ अंश वर चढतो, दिल्लीत ३८ अंशच. शिवाय दिल्लीचा दिवस तासाभराने लहान. जूनमध्ये उलट तो तासाभराने मोठा होतो. त्यात चेन्नईला समुद्राचा शेजार. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते. दिल्लीभोवतीची जमीन मात्र हिवाळ्याच्या निरभ्र रात्री झपाट्याने थंड होते. उत्तरेचा गहू याच थंडीवर पोसतो.