गादीवर बसण्याआधी

माझे मोठे बाबा बाहेरचं पाहायचे, भूतबाधा उतरवायचे. अमावास्येला आमच्या ओसरीवर धापेवाडा, मोहपा, थेट सावनेरकडूनही माणसं येत. लिंबू, नारळ, अंगारा. कुणाच्या अंगात वारं आलं की मध्यरात्र उलटायची. ते वारले आणि तेरवीच्या पंगतीतच एकजण म्हणाला, "बापू, आता गादी तूच चालव." मी ती चालवली नाही. पण नाही म्हणायला बराच वेळ घेतला, आणि त्या काळात स्वतःला जे विचारलं ते सांगण्यासारखं आहे. कारण आमच्या कळमेश्वरात गादीवर बसून जे चालतं, तेच शहरात आता आत्मामुक्ती, हीलिंग अशा नावांनी शिकवलं जातं. अमेरिकेतल्या विल्यम बाल्डविन या दंतवैद्याने तर १९९२ मध्ये त्याचं पद्धतशीर पुस्तकच लिहिलं. ओसरीच्या जागी सोफा आला, हातात प्रमाणपत्र आलं. बसणाऱ्याला 'तू का बसतोस?' असं मात्र तेव्हाही कुणी विचारत नव्हतं, आताही विचारत नाही.

पैशाचा हेतू लगेच ओळखू येतो. मोठे बाबा रुपयाही घेत नसत, म्हणून लोक त्यांना निर्मळ मानत आणि तेही स्वतःला तसंच मानत. पण गावातल्या लग्नाची पहिली पत्रिका आमच्या घरी यायची, वाटणीच्या भांडणात शेवटचा शब्द त्यांचा असायचा. मी एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस, तिथे मला नंबराने ओळखतात. गादीचं नाव निघालं तेव्हा माझी छाती फुगली, ती काही कुणाच्या दुःखाने फुगली नव्हती.

त्याच्याही खाली एक हेतू होता. माझा धाकटा भाऊ ऐन तिशीत गेला, आमचं बोलणं बंद असताना. ओसरीवर एखादी बाई घोगऱ्या आवाजात बोलू लागली की मी कान टवकारायचो, हा तोच तर नाही? म्हणजे समोर बाळंतपणानंतर धड झोप न लागलेली कुणाची तरी सून, आणि मी तिच्यात माझा भाऊ शोधणार! "कोण आहेस तू?" असं विचारताना आपण तिला बोलतं करतोय असं वाटतं, खरं तर एक सोंग तिच्या हातात देत असतो. दमलेलं, भ्यायलेलं माणूस विचारणाऱ्याला हवं तेच उत्तर देतं. सासू-नवरा टक लावून बघत असतील तर आणखीच लवकर देतं. पुढचा प्रश्न ठरलेला: "कुणी केलं?" मग बोट जातं ते गल्लीतल्या एखाद्या एकट्या म्हातारीकडे, जिच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

"पण मला खरंच लोकांचं भलं करायचंय," असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी जर्मनीतल्या आनेलीज मिशेलची गोष्ट सांगतो. तिला फेफऱ्याचा आजार होता, त्याचं निदानही झालं होतं. १९७५-७६ मध्ये दोन धर्मगुरूंनी बिशपच्या परवानगीने तिच्यावर भूत काढण्याचे ६७ विधी केले. १ जुलै १९७६ रोजी, २३ व्या वर्षी, ती उपासमारीने गेली. वजन तिसेक किलो उरलं होतं. १९७८ मध्ये आईवडील आणि दोघे धर्मगुरू न्यायालयात दोषी ठरले. पोरगी सुटावी हीच त्या सगळ्यांची इच्छा होती. लबाड मांत्रिक अंगाशी येतंय असं दिसलं की पळ तरी काढतो. मनापासून करणारा थांबत नाही, कारण त्याला स्वतःचा संशयच येत नाही.

मी स्वतःला एक कसोटी लावली. समजा, आपल्याकडे आलेली मुलगी डॉक्टरच्या गोळ्यांनी बरी झाली आणि आपलं नावही कुणी काढलं नाही. मनात आधी काय येतं? मला आधी चुटपुट वाटली, आनंद मागाहून. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

कायद्याचंही माहीत असू द्या. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांतच महाराष्ट्रात वटहुकूम निघाला आणि २०१३ च्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवतो म्हणून बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, भुताची भीती घालून दवाखान्यापासून अडवणं, या सगळ्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. भजन, कीर्तन, यात्रेला तो हात लावत नाही. धापेवाड्याच्या विठोबाला जाणाऱ्याने उगाच बिचकू नये.

लोक अजूनही येतात. मी चहा ठेवतो आणि मोठ्या बाबांनी कधी न विचारलेलं विचारतो: झोप कधीपासून नाही, बाळंतपण कधी झालं, फिट येते का, घरात दारू आहे का, कर्ज किती. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, तरी 'पागलखाना' म्हणून लोक दचकतात. म्हणून आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून देतो. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. "गोळ्या घेऊ ना बापू, पण तू एकदा अंगारा तं लाव," असा आग्रह होतोच. अंगारा देवळातला लावा, म्हणतो, माझ्या हातचा नको. काहीजण रागावून दुसऱ्या गावच्या जाणत्याकडे जातात. त्यांच्यासोबतच्या माणसाला बाजूला घेऊन सांगतो, तिथे आजारी माणसावर कुणी हात उचलला तर माझी वाट पाहू नका, सरळ पोलिसांना फोन करा.