आउटफिल्डचा ग्लोव्ह निवडताना

लातूर



बेसबॉलमध्ये आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, उभ्या असलेल्या खेळाडूच्या वाट्याला चेंडू कमी येतात. पण जे येतात ते लांबून, उंचावरून आणि बहुतेक वेळा पळता पळताच घ्यावे लागतात. त्यामुळे त्याचा ग्लोव्ह इनफिल्डवाल्यापेक्षा लांब आणि खोल असतो. इनफिल्डला चेंडू झटकन काढून फेकायचा असतो, तिथे सव्वाअकरा ते पावणेबारा इंचांचा उथळ ग्लोव्ह सोयीचा. आउटफिल्डला मोठ्या मुलांसाठी साडेबारा ते पावणेतेरा इंच हे नेहमीचे माप. नियमाप्रमाणे १३ इंचांच्या वर जाता येत नाही. हे माप तर्जनीच्या टोकापासून पॉकेटच्या, म्हणजे चेंडू बसतो त्या खोलगट जागेच्या, आतून खाली ग्लोव्हच्या टाचेपर्यंत धरतात. दुकानात शिंप्याची टेप आतून वळवून मोजून घ्यावे. पाठीवरून मोजलेले माप फसवते.

आपल्याकडच्या खेळाडूला आणखी एक विचार करावा लागतो. नांदेड-लातूरच्या शाळा-महाविद्यालयांत सॉफ्टबॉल खेळणारी मुलेच पुष्कळदा बेसबॉलच्या संघातही असतात. बेसबॉलचा घेर ९ ते सव्वानऊ इंच, तर सॉफ्टबॉलचा १२ इंच. दोन्ही खेळांना एकच ग्लोव्ह वापरायचा असेल तर पावणेतेरा इंची घ्यावा. सॉफ्टबॉलने पॉकेट रुंद झाले की बेसबॉल त्यात सैल बसतो, ही तडजोड मात्र पत्करावी लागते. ज्याचा ओढा बेसबॉलकडेच आहे, त्याने ग्लोव्हचा आकार बेसबॉलवरच बसवावा.

पुढचा प्रश्न हाताचा. ग्लोव्ह ज्या हाताने चेंडू फेकत नाहीत त्या हातात जातो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हाताचा. खोक्यावर तो ‘राइट हँड थ्रो’ म्हणून लिहिलेला असतो. हे न वाचता मागवलेले ग्लोव्ह उलट्या हाताचे निघतात.

आता चामडे. सगळा पैसा खरे तर इथे जातो, आणि फसगतही इथेच होते. बाजारात ‘लेदर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक ग्लोव्हना चामडे फक्त तळव्याला असते. पाठ आणि बोटे रेक्झीनची असतात. वादी ओवायच्या भोकाची कड निरखून पाहावी. चामडे असेल तर आत तंतूंचा दाट, फिकट थर दिसतो. रेक्झीन असेल तर पातळ पापुद्रा आणि मागे कापड. तळव्यावर अंगठा दाबावा. चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि बोट काढले की विरतात. चामड्यातही सर्वांत टिकाऊ तो कातडीचा वरचा, न घासलेला थर. खालच्या थरावर रंगाचा लेप चढवून केलेले चामडे पहिल्या दिवशी जास्त गुळगुळीत दिसते, पण घडीच्या जागी लवकर सोलते. बैलाचे जाड चामडे जड आणि ताठ असते, आकार मात्र वर्षानुवर्षे धरते. कोवळ्या जनावराचे चामडे बारीक पोताचे आणि हलके. वाद्याही चामड्याच्याच हव्यात. नायलॉनची दोरी ओढ बसली की भोके कापत जाते.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जाळी हा पुढचा भाग. बिल डोक या सेंट लुईसच्या पिचरने १९१९-२० च्या सुमारास तिथे वाद्यांची वीण घालायची सूचना रॉलिंग्ज या ग्लोव्ह बनवणाऱ्या कंपनीला केली आणि तेव्हापासून पॉकेट खऱ्या अर्थाने तयार झाले. आउटफिल्डला ‘एच’ आकाराची किंवा ट्रॅपीझ जाळी घ्यावी. दोन्हींतून आरपार दिसते. दुपारनंतरच्या सामन्यात सूर्य डोळ्यांवर आला की खेळाडू ग्लोव्ह आडवा धरून सूर्य झाकतो आणि जाळीच्या फटीतून चेंडूवर नजर ठेवतो. पूर्ण बंद जाळी पिचरसाठी, बोटांची पकड फलंदाजापासून लपवायला.

घालून पाहताना हात वर करून ग्लोव्ह उलटा धरावा. तो घसरता कामा नये. वाढत्या वयाच्या मुलाला मनगटाचा पट्टा कमी-जास्त करता येणारा ग्लोव्ह बरा. आउटफिल्डचे बरेच खेळाडू करंगळीच्या खणात करंगळी आणि अनामिका अशी दोन बोटे घालतात. त्याने पॉकेट खोल होते आणि चेंडूचा मार तळव्याला कमी लागतो. दुकानातच तसे घालून, ग्लोव्ह सहज मिटतो का ते पाहावे.

चांगला ग्लोव्ह नवा असताना ताठ असतो, नवी वहाण चावते तसाच. दुकानातच लोण्यासारखा मऊ लागणारा ग्लोव्ह बहुधा पातळ चामड्याचा असतो आणि एका हंगामात लोळतो. ताठ ग्लोव्ह मऊ करण्याचा खरा मार्ग म्हणजे रोज झेल घेणे. खेळ संपला की चेंडू पॉकेटमध्ये ठेवून वर पट्टा बांधावा. ग्लोव्हसाठी मिळणारे मलम बोटभर घेऊन अगदी पातळ चोळावे. खाण्याचे तेल ओतू नये. चामडे जड होते आणि तेल खवट झाले की वास जात नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत पडलेला ग्लोव्ह कोरडा पडून तडकतो. पावसाळ्यात बंद पिशवीत बुरशी धरते. ओला झाला तर आत वर्तमानपत्राचे कागद कोंबून सावलीत वाळवावा, उन्हात कधीच नाही. काळी माती लागली असेल तर ती वाळू द्यावी आणि मग ब्रशने झाडावी. वादी तुटली तर शहरातला कोणताही जाणता मोची आरीने नवी ओवून देतो.

नवा ग्लोव्ह असा हाताला रुळायला दीड-दोन महिने लागतात. जिल्हा किंवा विभागीय स्पर्धा तोंडावर आल्यावर नवा ग्लोव्ह घेऊन मैदानात उतरू नये. आणि पूर्ण चामड्याचा नवा ग्लोव्ह परवडत नसेल, तर रेक्झीनच्या नव्यापेक्षा एखाद्या सीनियर खेळाडूचा वापरलेला, वाद्या शाबूत असलेला चामड्याचा ग्लोव्ह विकत घ्यावा. तोच जास्त टिकतो.

तुझा मामा