आश्रिताचा त्याग करू नये
गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुषाच्या समदृष्टीचे वर्णन करताना भगवंतांनी विद्वान ब्राह्मण, गाय व हत्ती यांच्याबरोबर श्वानाचाही उल्लेख केला आहे. ही समदृष्टी गृहस्थाने आचरणात कशी आणावी?

मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून दंगल उसळली. पुढे १८३४ मध्ये तेथे पांजरपोळ संस्था स्थापन झाली. आजही अनेक नगरांत अनाथ प्राण्यांसाठी आश्रयस्थाने आहेत. तेथून एखादा जीव घरी आणणे हे पुण्यकर्म होय. परंतु आणण्याचा आनंद एका दिवसाचा असतो, सांभाळाचे व्रत मात्र दहा-बारा वर्षांचे! म्हणून गृहस्थाने आधी स्वतःस विचारावे : घरातील सर्वांची संमती आहे काय? आपण परगावी गेल्यास त्यास अन्नपाणी कोण देईल? रेबीजची लस वेळेवर टोचली जाईल काय? आजारपणात व वार्धक्यात त्याची सेवा घडेल काय?

मुलांच्या हट्टापायी आणलेला प्राणी उपाशी मरावा अशा स्थितीत निष्कारण सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. धर्मदृष्ट्या तर ते महापातकच. महाप्रस्थानसमयी धर्मराजासमोर इंद्राचा रथ उभा होता. तरीही सोबत आलेल्या श्वानास टाकून स्वर्गास जाणे त्याने नाकारले. तो श्वान म्हणजे साक्षात् धर्म होता.

ज्यास हे व्रत शेवटपर्यंत पाळणे शक्य नसेल, त्याने प्राणी घरी न नेता आश्रयस्थानीच यथाशक्ती सेवा करावी. तीही भगवंतास प्रियच आहे.